आकडी आली, पण बाटलीत काय होते?



रुग्णालयात दाखल असलेल्या मुलाला आकडी आली की वॉर्डात धावपळ उडते. सिस्टर मुलाला कुशीवर वळवतात, तोंडातला फेस पुसतात, ऑक्सिजन लावतात. आकडी थांबते आणि नातेवाईक एकमेकांना सांगतात, ‘ताप डोक्यात गेला.’ पुष्कळदा कारण तापच असतो. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापामुळे येणारी आकडी बहुधा निरुपद्रवी ठरते. पण शस्त्रक्रियेनंतर किंवा न्यूमोनियाचे उपचार चालू असताना, ताप नसतानाही आकडी आली, तर मुलाच्या हाताला लावलेल्या सलाइनचाही विचार झालाच पाहिजे. तो अनेकदा होत नाही, हीच तक्रार आहे.

उत्तर आयर्लंडमध्ये २००१ साली ९ वर्षांच्या एका मुलीचे अपेंडिक्स काढले. दुसऱ्या दिवशी तिला उलट्यांवर उलट्या झाल्या, डोके दुखू लागले, पहाटे आकडी आली. ती वाचली नाही. तिला दिलेल्या सलाइनमध्ये नेहमीच्या नॉर्मल सलाइनच्या पाचव्या हिश्श्याएवढेच मीठ होते. तिथल्या अशा बालमृत्यूंच्या चौकशीचा अहवाल यायला २०१८ उजाडले.

असे का होते? वेदना, उलट्या, शस्त्रक्रिया, मेंदूज्वर, न्यूमोनिया अशा अवस्थांत शरीर लघवीवाटे पाणी सोडत नाही, धरून ठेवते. त्यात कमी मिठाचे सलाइन गेले की रक्तातले सोडियम पातळ होते, पाणी मेंदूच्या पेशींत शिरते आणि मेंदू सुजतो. लहान मुलांच्या कवटीत सुजेला जागाही कमी असते. मुलांना असे सलाइन देण्याची पद्धत हॉलिडे आणि सेगर या डॉक्टरांच्या १९५७ च्या हिशेबावरून रूढ झाली. त्यांनी मिठाची गरज मोजली ती दुधातल्या क्षारांवरून. आजारी मुलाचे शरीर त्या हिशेबाने चालत नाही.

कमी आणि पुरेशा मिठाच्या सलाइनची तुलना करणारी एक चाचणी मेलबर्नमध्ये झाली; तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या मिठाच्या सलाइनवर ११ टक्के मुलांचे सोडियम घसरले, पुरेशा मिठाच्या सलाइनवर ४ टक्के. पहिल्या गटात सात मुलांना आकडी आली, दुसऱ्यात एकाला. जास्त मिठाने सोडियम फाजील वाढेल ही भीतीही तिथे खरी ठरली नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २८ दिवसांपासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना रक्ताइतक्या सोडियमचेच सलाइन द्यावे, असे सांगितले. नवजात बाळे, हृदय वा मूत्रपिंडाचे रुग्ण यांचा विचार अर्थातच वेगळा.

आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर मिडाझोलाम किंवा लोराझेपाम, त्यानेही भागले नाही तर लेव्हेटिरासिटाम, फॉस्फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट, हा क्रम डॉक्टरांना पाठ असतो. मात्र त्याच वेळी बोट टोचून साखर बघणे आणि सोडियमसाठी रक्त पाठवणे सुटता कामा नये. सोडियम घसरल्यामुळे आलेली आकडी या औषधांना नीट दाद देत नाही. तिथे ३ टक्के मिठाचे सलाइन थोडेसे, पण तातडीने द्यावे लागते.

म्हणून प्रत्येक बालरुग्ण विभागात कमी मिठाचे सलाइन सर्रास हाताशी न ठेवता, डॉक्टरांनी कारण लिहून दिल्यावरच ते लावावे. पूर्णपणे सलाइनवर असलेल्या मुलाचे सोडियम रोज तपासावे. सलाइनवरच्या मुलाचे डोके दुखू लागले, उलट्या वाढल्या किंवा ते सुस्तावले, तर आकडीची वाट न पाहता रक्त पाठवावे. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. साखर आणि पुरेसे मीठ दोन्ही असलेली डीएनएसची बाटली तालुक्याच्या औषध दुकानातही मिळते.