दुकानाच्या साइटला पीएचपी की नोड?

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतोच. माझं मत स्पष्ट आहे: छोट्या दुकानाला पीएचपी. १९९५ पासून आहे, वर्डप्रेस आणि वूकॉमर्स त्यावरच चालतात, स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग पुरतं आणि दुरुस्त करणारा तालुक्यालाही सापडतो. नोड २००९ चं. लाइव्ह चॅट, डिलिव्हरी ट्रॅकिंग असं काही असेल, एकाच वेळी हजारो कनेक्शन उघडी ठेवायची असतील, तर जरूर घ्या. पण त्याला बहुतेकदा वेगळा सर्व्हर लागतो, आणि तो सांभाळणारा माणूस. लोणच्याच्या बरण्या विकायला एवढं कशाला? डेव्हलपर "पीएचपी जुनं झालं" म्हणाला (पीएचपी ८ आलंय २०२० मध्ये!), तर त्याला शांतपणे विचारा, तू उद्या पुण्याला नोकरीला गेलास तर साइट कोण बघणार? आणि डोमेन कुणाच्या नावावर घेतलंय, तेही तेव्हाच बघून घ्या.