आवड आहे म्हणून भाडं कमी होत नाही

३० सप्टेंबर २०२३ ला लास वेगासमध्ये नॉरफोक टाइड्सनी ओक्लाहोमा सिटी डॉजर्सना ७-० असं धुतलं. बेसबॉलमध्ये ट्रिपल-ए ही मेजर लीगच्या लगतची खालची पायरी. तिचा हा अंतिम सामना. तुम्हाला त्यातलं एखादं नाव माहीत असलंच, तर ते जॅक्सन हॉलिडेचं. वय १९, २०२२ च्या ड्राफ्टमध्ये पहिला, करारावर सही करतानाच ८१ लाख ९० हजार डॉलर.

आणि त्याच्या शेजारी बाकावर बसलेले? त्या हंगामात ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार ३५,८०० डॉलर. तोही खेळाडूंनी संघटना केली म्हणून. आधी १७,५०० होता. मेजर लीगमधला किमान आकडा ७,२०,०००! २०१८ मध्ये तर काँग्रेसने कायदाच करून या पोरांचा जादा तासांच्या मोबदल्याचा हक्क काढून घेतला. कायद्याचं नाव काय, तर 'सेव्ह अमेरिकाज पास्टाइम'.

आपल्या मंडळींचं उत्तर ठरलेलं: "आवडीने खेळतात ना, जबरदस्ती कोणी केली?" पोस्टडॉकलाही हेच ऐकवतात. बरं, करंडकासाठी म्हणावं, तर ऐन सप्टेंबरात टाइड्सच्या हेस्टन केर्स्टाडला बाल्टिमोरने वर बोलावून घेतलं. वरच्याची गरज आधी.

स्वस्त तिकिटं काढून, आतषबाजी बघायला तुम्ही मुलांना या सामन्यांना नेता. जरूर न्या. पण तिथे बसून "हे काय, दुसऱ्या फळीतले" म्हणू नका. हॉलिडेच्या खालची नावंही मुलांना वाचून दाखवा, आणि त्यांना पगार किती मिळतो तेही सांगा.