दोन लिप्यांचा एक कागद

गेल्या महिन्यात नववीतल्या एका मुलाने तास संपल्यावर मला दारात गाठले. मेक्सिकोतल्या माया संस्कृतीवरचा व्हिडिओ पाहून आला होता. पिरॅमिड, पंचांग, शून्याचे चिन्ह, सगळे त्याला पाठ. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सर, क्लासमधल्या एकानं मला विचारलं, तुम्ही लोक इथं कधी आलात? मला काही बोलता आलं नाही. आपला इतिहास कुठल्या पुस्तकात मिळतो?"

हा मुलगा मिरजेचा. त्याच्या घरापासून मीरासाहेबांचा दर्गा चालत पाच मिनिटांवर. मी त्याला "उद्या सांगतो" म्हणालो आणि घरी येऊन माझे कपाट उघडले. बगदाद होते, अंदलूस होते, उस्मानी तुर्क होते. कुर्तुब्याच्या मशिदीवर मी अर्धा तास बोलू शकतो. विजापूरच्या जामा मशिदीवर पाच मिनिटेही नाही. जवळचे सोडून आपण हजारो मैलांवरचे पाठ केले, हा गुन्हा आधी माझा आहे. म्हणून हा लेख आधी आपल्या लोकांसाठी.

त्या मुलाला आज दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक रीलमधून: मुसलमान म्हणजे बाहेरचा, आणि इतिहास म्हणजे त्याच्याशी झालेली लढाई. दुसरे आपल्या मोहल्ल्यातून: "आपण आठशे वर्षं राज्य केलं." दोघे भांडतात, पण दोघांचा नकाशा एकच आहे. त्यात दिल्ली आहे, दख्खन नाही.

आता दख्खन मांडून पाहा. १६२४ साली भातवडीच्या लढाईत मलिक अंबर या हबशी सरदाराने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांचा पराभव केला. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढत होते. १६८६ साली विजापूरची आदिलशाही बुडाली, ती औरंगजेबाच्या हातून. यात "आपण" नेमके कोण? राज्य करणारे की राज्य गमावणारे? ज्याला हा प्रश्न अडचणीचा वाटतो, त्याने इतिहासावर घोषणा देऊ नयेत.

माया संस्कृतीचा व्हिडिओ त्या मुलाला एक गोष्ट सांगायला विसरला. १५६२ साली युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया लोकांचे ग्रंथ जाळले. आज त्यांच्या जुन्या पोथ्या चारच उरल्या आहेत. पुढे त्याच लांदाने त्या लोकांविषयी लिहून ठेवले. त्याने नोंदवलेल्या अक्षरांच्या आधारे १९५२ साली युरी क्नोरोझोव या रशियन अभ्यासकाने त्या लिपीचे कुलूप उघडायला सुरुवात केली. ज्याने जाळले, त्याचेच वाचावे लागले. दुसरा मार्ग नव्हता.

आपले तसे झालेले नाही. आपले कागद आहेत. आदिलशाहीची कितीतरी फर्माने दुभाषी आहेत: वर फारसी, खाली मोडीतली मराठी. एकच कागद, दोन लिप्या. पहिल्या इब्राहीम आदिलशहाने हिशेब फारसीतून काढून 'हिंदवी'त आणले, असे विजापूरच्याच दरबारात बसून फिरिश्ता लिहितो. दुसऱ्या इब्राहीमने दखनीत 'किताब-ए-नौरस' रचली आणि तिच्यात सरस्वतीला वंदन केले. हे सगळे शाबूत आहे. कुणी जाळले नाही, फक्त आपण वाचले नाही.

तर वाचायचे काय? मी त्या मुलाला जो क्रम दिला, तोच इथे देतो. आधी रा. चिं. ढेरे यांचे 'मुसलमान मराठी संतकवी'. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ मध्ये 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत पूर्ण केला, हे कळले की "कधी आलात" या प्रश्नातली हवा निघून जाते. मग सेतुमाधवराव पगडी. फारसी साधने त्यांनी मराठीत आणली आणि सूफी संप्रदायावर वेगळे पुस्तकही लिहिले. मग ग. ह. खरे यांच्या 'ऐतिहासिक फारसी साहित्य'चे खंड. इंग्रजी वाचता येऊ लागले की रिचर्ड ईटन यांचे १९७८ सालचे विजापूरच्या सूफींवरचे पुस्तक. बायकांनी दळताना म्हणायची दखनी गाणी त्यात भेटतात, आणि तलवार घेतलेले सूफीही भेटतात. दुसरा भाग बोचेल. तोही वाचायचा. आणि मिरजेसाठी वासुदेवशास्त्री खरे. तेही इथल्याच शाळेत मास्तर होते. पटवर्धनांच्या दप्तरांतून त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढला.

यावर आपल्यातलेच एक गृहस्थ मला म्हणाले, "ही सगळी त्यांची नावं. आपल्या माणसाचं एखादं सांगा की." त्यांना मी विचारले, ग. ह. खऱ्यांनी फारसी शिकून आपली फर्माने वाचली, आपल्यापैकी किती जणांनी मोडी शिकून त्यांची पत्रे वाचली? त्यांनी विषय बदलला. तक्रार करायची तर मेहनत केल्यावर करावी. या पुस्तकांत चुका असतील, पूर्वग्रहही असतील. ते दाखवायलासुद्धा मूळ कागद वाचता यायला हवा.

आणि दुसऱ्या बाजूच्या मित्रांना एवढेच सांगतो: ज्या कागदाचा फक्त खालचा अर्धा भाग तुम्हाला वाचता येतो, त्याच्यावर पुरा निकाल देऊ नका.

आपल्या उर्दू शाळेतल्या पोरांकडे खरे तर जास्त आहे. नस्तालीक त्यांना येते, मराठी येते. फारसी आणि मोडी एवढेच मध्ये उरते. आपण मात्र त्यांना सांगत बसतो की उर्दूला आता भाव नाही. त्या मुलाला मी ढेऱ्यांचे पुस्तक दिले आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघे मोडीची बाराखडी गिरवतो. मलाही ती येत नव्हती.

वाचकांकडे एक मागणे. कुणाच्या घरात ट्रंकेत जुनी सनद, इनामाचा कागद, दर्ग्याच्या खर्चाची वही असेल, तर ती रद्दीत घालू नका, पाण्यात सोडू नका. आधी फोटो काढा आणि वाचता येणाऱ्याला दाखवा. तो माणूस कुठल्या धर्माचा आहे हे मग विचारा, किंवा विचारूच नका.