शंभराव्या यंत्राची कसोटी

११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर जपानमधील फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रातून किरणोत्सर्ग बाहेर पडला. मुलांना अंगणात खेळू द्यावे का, एवढाच लोकांचा प्रश्न होता. पण मोजायला लागणारे गायगर काउंटर बाजारातून संपले होते. तेव्हा ‘सेफकास्ट’ या स्वयंसेवकांच्या गटाने टोकियोत स्वतःच यंत्र जुळवले. गायगर नळी, जीपीएस आणि मायक्रोकंट्रोलर एका डब्यात बसवून तो मोटारीच्या खिडकीबाहेर बांधला. दर ५ सेकंदांनी ठिकाणासह नोंद होऊ लागली.

एक नमुना चालला म्हणजे काम संपले, असे नाही. शंभर यंत्रे शंभर हातांत गेली, तरी एकाच जागी सर्वांचा आकडा जुळला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक नळी एकाच प्रतीची हवी, माहीत असलेल्या स्रोतासमोर तिचे कॅलिब्रेशन हवे आणि डबा ऊनपावसात टिकायला हवा. पुढे ‘बीगायगी नॅनो’ हे छोटे यंत्र सुट्या भागांच्या संचात मिळू लागले. सोल्डरिंग घेणाऱ्यानेच करायचे. आराखडा आणि नोंदी सर्वांसाठी खुल्या राहिल्या, त्यामुळे चूक कुणालाही पकडता येते.

आकडा खोटा कमी आला, तर माणूस धोक्यात राहतो. खोटा जास्त आला, तर विनाकारण घर सोडतो. अशा उपक्रमांत पहिल्या नमुन्याचे कौतुक होते, तपासणीचा खर्च मात्र मागे पडतो. तो आधी धरला, तरच लोकांचे यंत्र लोकांच्या विश्वासाचे होईल.