ऐकून घेण्याचेही शिक्षण हवे



उसाचं पान पिवळं पडलं की आपण गटाच्या माणसाला निरोप धाडतो. तो येतो, मुळी उकरून बघतो, लोह कमी की पाणी जास्त ते सांगतो. पण ऊसवालाच खचला, त्याचं जेवण तुटलं, झोप उडाली, चारचौघांत येणं बंद झालं, तर त्याला काय विचारावं हे गटाच्या माणसाला ठाऊक नसतं. कृषी पदविकेत आम्हाला माती, बेणं, खत, कीड सारं शिकवलं. दुःखी माणसापुढे कसं बसावं, हे कुणी शिकवलं नाही. शेतकी खात्याच्या प्रत्येक सेवकाला हे शिक्षण मिळाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही कोरडवाहू कापूसवाल्यांची गोष्ट, असे कुणी म्हणेल. ओलिताच्या वावरातही कर्ज असतं, मोटार जळते, तोड लांबते, पोरीचं लग्न मोडतं. २००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजात आत्महत्याग्रस्त म्हणून विदर्भातील जे सहा जिल्हे घेतले, त्यात वर्धा होता. २०१५ साली शासनाने चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प काढला, त्यातही वर्धा होता. गावच्या आशाताईंना त्यात घरोघरी विचारपूस करायला शिकवले गेले.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना धीर देण्याचे आणि आजार ओळखण्याचे शिक्षण दिले. त्यांच्या मागे समुपदेशक व डॉक्टर उभे केले. आधी नैराश्याच्या शंभर रुग्णांत जेमतेम चार जण उपचाराला जात. दीड वर्षात हा आकडा सत्तावीसवर गेला. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे साध्या माणसाला हे काम शिकवता येते.

शिकायचे तरी काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ च्या पुस्तिकेत ते तीन शब्दांत सांगितले आहे : पाहा, ऐका, जोडा. बोलणाऱ्याला मधेच तोडायचं नाही. ‘असं काय करता भाऊ, मर्दासारखं राहा’ म्हणायचं नाही. आपल्या काकाची गोष्ट सांगत बसायचं नाही. ऐकलेलं पानठेल्यावर न्यायचं नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. उलट माणूस मोकळा होतो. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवायला लावायचं, आणि त्याला दवाखान्यात स्वतः घेऊन जायचं. शासनाचा टेलि-मानस क्रमांक १४४१६ आहे. फोन करायला पैसे पडत नाहीत.

काही सभासद विचारतील, ‘साहेब, बोलून कर्ज फिटते का?’ नाही फिटत. उसाचे बिल वेळेवर देणे, तोडीचा क्रम पाळणे ही कारखान्याची जबाबदारी राहणारच. गोड बोलणे हा तिला पर्याय नव्हे. पण आज बंद वाटणारी वाट उद्या सापडते, त्यासाठी माणूस उद्यापर्यंत राहिला पाहिजे. दुसरे म्हणतील, हे डॉक्टरांचे काम. बरोबर, पण डॉक्टर बांधावर येत नाही. नोंदीला, पाहणीला, तोडीच्या चिठ्ठीला बांधावर जातो तो आपलाच माणूस.

शिक्षण व प्रशिक्षण हे सहकाराच्या सात तत्त्वांपैकी एक आहे. यास्तव संचालक मंडळाने गळीत हंगामापूर्वी शेतकी सेवकांचे शिबिर घ्यावे. सेवाग्रामच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तेथील तज्ज्ञांना विनंती करावी. प्रत्येक गटातून एक पुरुष व एक स्त्री सभासदही घ्यावेत, कारण घरातल्या बाईचं दुःख गटाच्या माणसाजवळ निघत नाही. एका दिवसाने कुणी तज्ज्ञ होत नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी उजळणी ठेवावी.

येत्या वार्षिक सभेत हा ठराव एखाद्या सभासदाने मांडावा आणि बाकीच्यांनी त्याला पाठिंबा द्यावा. तोपर्यंत एवढे करू : शेजारचा आठ दिवस दिसला नाही तर त्याच्या वावरात जाऊ, धुऱ्यावर बसू, आणि आपण कमी बोलू.

— ऊस विकास अधिकारी