राखीव क्षेत्रातले पाऊल

वैतरणा स्थानक सोडून गाडी सफाळ्याच्या दिशेने पुलावर चढली, की खाडीचे पाणी भरतीला एका ठिकाणी आणि ओहोटीला दुसऱ्याच ठिकाणी काठाला लागलेले दिसते. तरीही गावाची शीव कोठे संपते याविषयी तलाठ्याच्या दप्तरात वाद नसतो, कारण शीव पाण्यावर नव्हे, मोजणीच्या नकाशावर ठरलेली असते. कबड्डीच्या मैदानावर याच्या नेमके उलट घडते. तेथे फक्कीची रेषा साऱ्या गावाला ढळढळीत दिसते, परंतु ती ओलांडली म्हणजे कोणाचे काय गेले, यावरच तंटा होतो.

गेल्या हिवाळ्यात वैतरण्याजवळच्या एका गावी रात्रीचे सामने पाहण्याचा योग आला. दुसऱ्या पाळीहून सुटलेली बोईसर-तारापूरची कामगार मंडळी डबे हातात घेऊनच मैदानाभोवती उभी होती. चढाईपटू डाव्या अंगाने सरकत गेला, कोणालाही न शिवता त्याचे पाऊल राखीव क्षेत्रात पडले, आणि त्याला कोंडण्याच्या ओघात तीन बचावपटूही त्याच्यामागे त्या पट्ट्यात शिरले. पंचांनी शिटी वाजवून चढाईपटूला बाद केले. यावर त्याच्या कर्णधाराचा दावा असा, की मग हे तिघेही बाद! सरपंचांनी खिशातली पुस्तिका काढली; कोणीतरी दूरचित्रवाणीवरच्या सामन्याचे चित्रण मोबाइलवर दाखवले; पुस्तिका एक सांगत होती आणि मोबाइल दुसरे. अखेर चढाई पुन्हा घेण्यात आली, आणि दोन्ही संघ सारखेच नाराज झाले.

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. त्यातला दोन्ही बाजूंचा एकेक मीटरचा पट्टा म्हणजे राखीव क्षेत्र, ज्याला आता सर्रास लॉबी म्हणतात. स्पर्श होऊन झटापट सुरू झाली, की हा पट्टा मैदानात जमा होतो. तोवर तो मैदानाबाहेरच. म्हणजे एका बोटाच्या स्पर्शाने जमिनीची प्रतवारी बदलते. महसूल खात्यालाही हेवा वाटावा, असा हा फेरफार आहे.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत, इराणविरुद्धच्या अंतिम सामन्यात, गुण २८-२८ असे समसमान आणि वेळ जेमतेम मिनिटाची उरलेली असताना, भारताचा चढाईपटू पवन सेहरावत असाच स्पर्शावाचून राखीव क्षेत्रात गेला व इराणचे बचावपटू त्याच्यापाठोपाठ गेले. आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे पाठोपाठ गेलेलेही बाद. प्रो कबड्डीत रुळलेल्या नियमाप्रमाणे केवळ चढाईपटू बाद. निर्णय इकडून तिकडे फिरला, खेळाडू मॅटवरच बसून राहिले, सुमारे तासभर खेळ थांबला, आणि शेवटी भारत ३३-२९ असा विजयी झाला. आपल्या अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे यांच्याही गळ्यात सुवर्णपदक पडले, याचा आनंद मलाही झाला. परंतु ज्या नियमाने ते दान पदरात टाकले तो न्याय्य होता, असे मात्र माझ्याने म्हणवत नाही. जो प्रथम आपल्या पायाने बाहेर गेला, त्याच्या जाण्याने खेळ तेथेच थांबला पाहिजे. थांबलेल्या खेळात मागून पडलेल्या पावलांना शिक्षा कशाची?

अमेरिकन फुटबॉलमध्येही या गुंत्याचे एक सख्खे भावंड आहे. तेथे किकऑफचा चेंडू दोन गोलरेषांच्या दरम्यान कोणाचाही स्पर्श न होता बाजूच्या रेषेबाहेर गेला, तर लाथ मारणारा संघ दोषी ठरतो आणि प्रतिपक्षाला चेंडू थेट त्याच्या ४० यार्डांच्या रेषेवर मिळतो. इथवर न्याय स्वच्छ आहे. पण रेषेबाहेर टेकलेल्या माणसाने चेंडूला हात लावला तर चेंडूही बाहेर गेला असे तेथे धरतात. म्हणून एखादा चलाख खेळाडू एक पाय मुद्दाम रेषेबाहेर रोवतो, अंग लांबवून मैदानातच लोळणाऱ्या चेंडूला स्पर्श करतो आणि दोष लाथ मारणाऱ्याच्या माथी जातो. राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या सामन्यांत हे घडलेले आहे आणि पंचांनी ते ग्राह्यही धरलेले आहे. क्रिकेटमध्येही सीमारेषेला टेकलेला क्षेत्ररक्षक चेंडूला आपल्याबरोबर बाहेर नेतो, पण तेथे चार धावांचा भुर्दंड त्याच्याच संघाला पडतो. अमेरिकेत तोच माणूस नफा कमावतो. आमच्याकडे याला बांध कोरणे म्हणतात, आणि बांध कोरणारा कितीही हुशार असला तरी पंचनाम्यात त्याचे कौतुक लिहीत नाहीत.

दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे: बाहेर कोण गेला याची नोंद नियम करतो, आपखुशीने कोण गेला हे विचारीत नाही. महासंघांनी हे शब्द बदलावेत, हे तर खरेच. पण त्यांच्या सवडीची वाट पाहत पालघर जिल्ह्यातल्या मंडळांनी बसण्याचे कारण नाही. यंदा भातकापणी उरकून मैदाने आखली जातील, तेव्हा आयोजकांनी एवढेच करावे: राखीव क्षेत्राचा कोणता नियम लागू राहील ते प्रवेशपत्रिकेवर मराठीत छापावे, आणि नाणेफेकीपूर्वी सरपंचांनी दोन्ही कर्णधारांना बोलावून तो ध्वनिक्षेपकावरून मोठ्याने वाचून दाखवावा.