कॅबिनेटमधील मक्तेदारी

मुंबईच्या कचेऱ्यांनी मोडीत काढलेला संगणक बदलापूर गावातील विद्यार्थ्याच्या घरी येतो. त्याचा एसएमपीएस जळला, की लॅमिंग्टन रोडवर मिळणारा सर्वसाधारण एसएमपीएस त्यात बसेलच असे नाही. कुठे आकार जुळत नाही, कुठे जोडणीच्या पिना वेगळ्या. वास्तविक इंटेलने १९९५ साली एटीएक्स हे प्रमाण जाहीर केले. मदरबोर्डचे ३०५ बाय २४४ मिलिमीटर हे माप आणि स्क्रूंच्या जागाही त्यात ठरवून दिल्या. तरीही अनेक बड्या कंपन्या स्वतःची मापे चालवतात. लहान आकाराची सबब काही वेळा खरीही असते. परंतु परिणाम एकच, ग्राहक कायमचा बांधला जातो.

मग कारागीर पत्रा कापतो, नवी भोके पाडतो, बटणाच्या तारा एकेक तपासून जोडतो. हे कौशल्य गौरवास्पदच आहे. पण कंपनीने उभी केलेली अडचण निवारण्यात कारागिराचे श्रम आणि गरिबाचा पैसा खर्ची पडावा, हा न्याय नव्हे.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. डिसेंबरात पोर्टलही उघडले. पोर्टलने भोके जुळत नाहीत. प्रमाणित मापे आणि सुटे भाग यांची सक्ती करणारा कायदाच हवा. ग्राहक चळवळीतील कार्यकर्त्यांनी ही मागणी नेटाने लावून धरली पाहिजे.